सॅफच्या बाद फेरीआधी संघाने करावयाची तयारी

दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ अजिंक्यपद फुटबॉल स्पर्धेत साखळी पार केलेल्या संघापुढे विजेतेपदासाठी दोनच सामने उरतात, परंतु ते नव्वद मिनिटांत संपतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. २०२३ साली बंगळुरूच्या श्री कांतीरवा मैदानावर दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना असे तिन्ही सामने तीस मिनिटांच्या जादा वेळेत गेले आणि भारताच्या दोन्ही लढतींचा निकाल पेनल्टी शूटआउटवर लागला. त्यामुळे संघ व्यवस्थापनाने आपली यादी करताना आधी शेवटच्या अर्ध्या तासाचा विचार करावा आणि मग मागे यावे.

कागदपत्रांचे काम मात्र सर्वांत आधी उरकावे. त्या स्पर्धेत व्हिसाला उशीर झाल्यामुळे पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून थेट सामन्याच्या दिवशीच बंगळुरूत पोहोचला आणि त्याच संध्याकाळी पावसाने भिजलेल्या मैदानावर भारताकडून ४-० असा हरला. खेळाडू कितीही गुणी असले, तरी प्रवासाने आंबलेल्या पायांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. जूनमधला पाऊस लक्षात घेऊन ओल्या मैदानासाठी लांब स्टडचे बूट प्रत्येकाच्या सामानात आहेत ना, हेही निघण्यापूर्वीच पाहावे.

साखळीतील कार्डांची नोंद एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी आणि ती रोज प्रशिक्षकासमोर ठेवावी. दोन पिवळ्या कार्डांमुळे भारताचा बचावपटू संदेश झिंगन पाहुणा संघ असलेल्या लेबनॉनविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला. बचावफळीचा आधारस्तंभ ऐनवेळी बाहेर बसणार असेल, तर त्याच्या जागी उतरणाऱ्या खेळाडूला निदान एक पूर्ण सराव पहिल्या पसंतीच्या बचावफळीबरोबर मिळाला पाहिजे. हीच दक्षता प्रशिक्षकाच्या बाबतीतही घ्यावी. भारताचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना साखळीत दोनदा लाल कार्ड मिळाल्यामुळे उपांत्य आणि अंतिम या दोन्ही सामन्यांत मैदानालगतची सूत्रे सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी यांच्याकडे होती. त्यांनी ती जबाबदारी निभावली याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. बदली खेळाडू कधी आणि कोणासाठी उतरवायचा, हे सहायकाला आधीपासून ठाऊक असावे.

साखळीतील प्रत्येक गोल मोजून ठेवावा, कारण उपांत्य फेरीतला प्रतिस्पर्धी त्यावर ठरू शकतो. भारत आणि दुसरा पाहुणा संघ कुवेत दोघांचेही सात गुण होते, गोलफरकही सारखाच होता. भरपाईच्या वेळेत झालेल्या स्वयंगोलामुळे भारताची कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाली आणि अधिक गोल केलेला कुवेत गटात पहिला आला.

आता पेनल्टीची यादी. ती पाच नावांवर थांबवू नये. लेबनॉनविरुद्ध सुनील छेत्री, अन्वर अली, महेश सिंग आणि उदांता सिंग या चौघांनी गोल केले आणि भारत ४-२ असा पुढे गेला. मात्र कुवेतविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याच उदांताचा फटका हुकला, पाच-पाच फटक्यांनंतर ४-४ अशी बरोबरी राहिली आणि सहावा फटका महेश सिंगने घेतला. त्याने गोल केला, त्यानंतर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने कुवेतच्या खालिद हाजियाचा फटका अडवला आणि भारत विजेता ठरला. शूटआउटमध्ये सामना संपताना खेळत असलेल्यांनाच फटके घेता येतात, त्यामुळे भरवशाचा खेळाडू शेवटच्या मिनिटांत बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा आणि अकराही जणांचा क्रम लिहून ठेवावा. सराव दमलेल्या पायांनीच घ्यावा. सकाळी ताजेतवाने असताना मारलेल्या फटक्यांवरून काही कळत नाही. फटका मारला जाईपर्यंत गोलरक्षकाच्या एका पायाचा निदान काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेमागे असावा लागतो, याची सवयही त्याच सरावात करून घ्यावी. नाणेफेक जिंकल्यास पहिला फटका घ्यायचा की दुसरा, हे कर्णधाराशी आदल्या रात्रीच ठरवावे.

विश्रांतीच्या नियोजनात तडजोड करू नये. उपांत्य सामना १ जुलैला आणि अंतिम सामना ४ जुलैला होता. म्हणजे एकशे वीस मिनिटे खेळलेल्या संघाच्या हाती मध्ये पुरते दोनच दिवस होते. पहिल्या दिवशी सामना खेळलेल्यांना चेंडूचा सराव देऊ नये, मालिश, बर्फाची अंघोळ, भरपूर पाणी आणि झोप एवढेच पाहावे. राखीव खेळाडूंकडून मात्र कसून सराव करून घ्यावा, कारण जादा वेळेत ताज्या पायांची गरज त्यांच्याकडूनच भागणार असते. दुसऱ्या दिवशी हलका सराव, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती आणि शेवटी पेनल्टी असा क्रम ठेवावा. वैद्यकीय पथकाने जादा वेळेपुरते पाणी, क्षार आणि पट्ट्या वेगळ्या पेटीत भराव्यात, म्हणजे पायात गोळा येऊन खेळाडू मैदानावर बसला की शोधाशोध करावी लागणार नाही.