शाळा एकत्र झाल्या तरी ग्रंथालयाचा निधी टिकावा म्हणून आमदारांना गाठायचं कसं?

शालेय ग्रंथालयाचं अनुदान बंद केल्याचा शासन निर्णय शोधायला गेलात, तर बहुधा हाती काही लागणार नाही. तो पैसा वेगळ्या वाटेनं जातो. केंद्र आणि राज्य मिळून शालेय शिक्षणासाठी चालवतात त्या समग्र शिक्षा योजनेत हे अनुदान शाळेगणिक मिळतं: इयत्ता कुठून कुठपर्यंत आहेत त्यानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये, आणि प्राथमिक शाळेला सगळ्यात कमी. समजा, पहिली ते पाचवीच्या तीन वस्त्यांवरच्या शाळा एका समूह शाळेत गेल्या. मुलं तेवढीच राहिली, पण तीन यू-डायस क्रमांकांचा (म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकांचा) एक झाला आणि तीन अनुदानांचंही एकच.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या समूह शाळांच्या धर्तीवर तशा आणखी शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांच्या वर असल्याचं सांगितलं गेलं होतं. अशा वेळी बोलणं होतं ते अंतराचं, गाडीचं, शिक्षकांच्या पदांचं. पुस्तकांचं कपाट कुणाच्या यादीत नसतं. ते यादीत आणायचं काम पालकांचं.

आधी कागद गोळा करा. मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी मागा: पुस्तकांची दाखल नोंदवही, गेल्या तीन वर्षांत आलेलं ग्रंथालय अनुदान आणि ते कोणत्या महिन्यात आलं. मार्चअखेरीस आलं असेल तर तेही टिपून ठेवा. घाईत काय खरेदी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माहिती मिळाली नाही, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस.

मग शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. ठरावात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीचा उल्लेख हवाच. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ‘वाचन संस्कृती’वर दोन पानं लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य भारी पडतं.

कुणाला गाठायचं? पहिले तुमचे विधानसभा आमदार. दुसरे, शिक्षक मतदारसंघातून विधानपरिषदेवर गेलेले आमदार. असे सात मतदारसंघ आहेत. प्राथमिक शिक्षकांना त्यात मत नाही, तरी शिक्षणाचे प्रश्न हे सदस्य हक्कानं मांडू शकतात. खासदारांनाही एक प्रत द्या, कारण समग्र शिक्षेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. कोणत्या राज्याला ग्रंथालयासाठी किती मंजूर झालं, हे केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाच्या इतिवृत्तात दिसतं.

निवेदन एका पानाचं ठेवा. खरी मेहनत घ्यायची ती सोबतच्या प्रश्नावर. आमदारांच्या स्वीय सहायकाकडे निवेदनांचा गठ्ठाच असतो. तयार प्रश्न मात्र त्यांना लगेच उपयोगी पडतो. विधिमंडळाच्या साच्यात तो असा लिहा (शाळा एकत्र करण्याला सरकारी भाषेत ‘समायोजन’ म्हणतात):

‘(१) … तालुक्यातील … शाळांचे समायोजन झाल्याने त्या शाळांना समग्र शिक्षा अंतर्गत मिळणारे ग्रंथालय अनुदान बंद झाले आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर शाळांतील पुस्तके कोठे हलविण्यात आली, तसेच समूह शाळेस विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाढीव तरतूद करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

तुमच्या शाळेचं समायोजन अजून झालं नसेल, तर ‘झाल्याने’ऐवजी ‘प्रस्तावित असल्याने’ आणि ‘बंद झाले आहे’ऐवजी ‘बंद होणार आहे’ लिहा आणि पुस्तकांबाबत काय नियोजन आहे ते विचारा. चुकीचा काळ वापरलात, तर ‘हे खरे नाही’ एवढ्यावर प्रश्न निकालात निघतो.

वेळ सांभाळा. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते. डिसेंबरातल्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नाही. दसऱ्याच्या आसपास भेटा. मुदत हुकलीच, तर लक्षवेधी सूचनेची (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेची) विनंती करा. अर्थसंकल्पीय अधिवेशनात कपात सूचनाही, म्हणजे खात्याने मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना, देता येते. ती सहसा मंजूर होत नाही, पण विषय सभागृहात येतो.

भेटायला जाताना तीन-चार पालक पुरे. त्यात समायोजन होणाऱ्या प्रत्येक वस्तीतला एक असावा. दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

प्रश्न लागला की त्याचा क्रमांक मागून घ्या. उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असं आलं, तर नेमकं काय खरं आहे ते विचारणारं पत्र त्याच क्रमांकाच्या हवाल्यानं शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, आणि आमदारांना त्याची प्रत द्या. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं आलं, तर दाखल नोंदवहीची आणि अनुदानाच्या नोंदींची छायांकित प्रत जोडून पुढच्या अधिवेशनासाठी तोच प्रश्न पुन्हा द्या.