मागाचे पिक मोजणारा मॅग्नेटिक सेन्सर: सॅम्पलिंग आणि आउटपुट कसं लावायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांची टॉवेलच्या मागांची शेड आहे. कोणत्या मागावर किती पिक (कापडातले आडवे धागे) पडले हे मोजायला मी क्रँक शाफ्टवर छोटं चुंबक चिकटवलं आणि समोर डिजिटल मॅग्नेटिक सेन्सर बसवला. शाफ्टची एक फेरी म्हणजे धोटा एकदा आरपार, म्हणजे एक पिक. हिशेब सरळ, तरी पहिल्या दिवशी मोजणी चुकली. सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजतो याकडे मी पाहिलंच नव्हतं. जोडणी पाच मिनिटांची आहे, खरं काम सेटिंगचं.

आधी चिप ओळखा. बाजारात जीवाय-२७१ नावाने मिळणाऱ्या मॉड्यूलवर दोनपैकी एक चिप असते: एचएमसी ५८८३एल किंवा क्यूएमसी ५८८३एल. माझ्या मॉड्यूलवर एचएमसी छापलं होतं, आत निघाली क्यूएमसी. दोघींचे रजिस्टर (सेटिंग आणि मापं ठेवायचे चिपमधले क्रमांकाचे कप्पे) वेगळे, त्यामुळे एकीचा कोड दुसरीवर चालत नाही. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या ए४ ला मॉड्यूलची एसडीए (डेटाची) पिन, ए५ ला एससीएल (घड्याळाची) पिन जोडा आणि जोडलेल्या चिपचा पत्ता शोधणारा आयटूसी स्कॅनर हा प्रोग्राम चालवा. पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) १ई आला तर एचएमसी, ०डी आला तर क्यूएमसी. पुढचं सगळं क्यूएमसीसाठी आहे.

ही चिप सेकंदाला १०, ५०, १०० किंवा २०० वेळा माप देते. माग मिनिटाला १२० फेऱ्यांनी चालत असेल तर सेकंदाला पिक फक्त २. मग १० मापं पुरतील असं वाटतं, आणि इथेच फसायला होतं. फेरीला किती वेळ लागतो ते सोडा, चुंबक सेन्सरसमोर किती वेळ असतं ते काढा. चुंबक शाफ्टच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर असेल तर ते सेकंदाला सुमारे ६३ सेंटिमीटर धावतं. सेन्सरला ते साधारण ४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात जाणवतं असं धरलं, तर हाती येतात जेमतेम ६४ मिलिसेकंद. दर १०० मिलिसेकंदांनी बघणाऱ्या सेन्सरच्या नजरेआड चुंबक येऊन निघूनही जातं.

मग ५० का नको? कारण शेडमधली वीजही ५० हर्ट्झचीच आहे. मोटरच्या आणि वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्राची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. आपणही सेकंदाला ५० वेळाच मोजलं तर प्रत्येक माप लाटेच्या जवळपास त्याच जागी पडतं. चिपचं घड्याळ किंचित पुढेमागे असल्यामुळे आकडा हळूहळू सरकत राहतो आणि चुंबक नसतानाही काहीतरी येतंय असा भास होतो. म्हणून सरळ २०० घ्या. लागोपाठच्या ४ मापांची सरासरी म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, विजेची एक पूर्ण लाट. तिचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतो. चुंबकासाठी तरीही तीन सरासरी मापं उरतात, आणि ती पुरतात.

आता ही निवड रजिस्टर ९ मध्ये लिहायची. आठ बिट, डावीकडून दोन-दोनच्या चार जोड्या. पहिली जोडी ओव्हरसॅम्पलिंगची (एका मापासाठी चिपने आत किती वाचनं घ्यायची): ०० म्हणजे ५१२, सगळ्यात कमी खरखर. दुसरी रेंजची: ०१ म्हणजे ८ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). तिसरी वेगाची: ११ म्हणजे २००. चौथी मोडची: ०१ म्हणजे सतत मोजणं. एकत्र ०००१११०१, दशमानात २९. त्याआधी रजिस्टर ११ (हाही आकडा दशमानातला) मध्ये १ लिहायला विसरू नका, चिप स्वतःला ताळ्यावर आणते त्या सेट-रिसेटसाठी डेटाशीटच (चिपचं माहितीपत्रक) तसं सुचवते.

माप रजिस्टर ० ते ५ मध्ये मिळतं: एक्स, वाय, झेड या क्रमाने, प्रत्येकाचा खालचा बाइट आधी. दोन बाइट जोडून चिन्हासह १६ बिटांचा आकडा करा. वाचण्याआधी रजिस्टर ६ पाहा. त्यातला बिट ० चालू असेल तरच नवीन माप तयार आहे. बिट १ चालू असेल तर चुंबक फार जवळ आहे, सेन्सर थोडा मागे घ्या. अंतर दुप्पट झालं की जोर साधारण आठवा हिस्सा उरतो. बिट २ चालू दिसला तर तुमचा प्रोग्राम मागे पडतोय आणि मापं गळताहेत.

माझी मापं गळत होती ती सीरियल मॉनिटरमुळे, म्हणजे आर्डुइनोचे आकडे कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या खिडकीमुळे. ९६०० बॉड या पाठवण्याच्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. २० अक्षरांच्या २०० ओळी म्हणजे ४०००. ११५२०० बॉड ठेवा, किंवा त्याहून बरं, फक्त मोजणीचा आकडा पाठवा.

मागावर चढवण्यापूर्वी सेन्सर गच्चीवर, लोखंडापासून दूर नेऊन तपासा. तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. सोलापुरात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.४ गॉस आहे आणि ८ गॉसच्या रेंजला एका गॉसचे ३००० होतात, म्हणून उत्तर १२०० च्या आसपास यायला हवं. फारच वेगळं आलं तर रेंजची जोडी किंवा बाइटचा क्रम चुकलाय.

बसवताना माग बंद, मेन स्विच खाली. स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे, वायर अर्ध्या मीटरच्या आत, आणि वर प्लास्टिकची डबी, कारण टॉवेलच्या शेडमध्ये तूस सगळीकडे शिरतं. मोजणीला दोन मर्यादा ठेवा: वरची ओलांडली की एक पिक धरा आणि आकडा खालच्या मर्यादेखाली उतरेपर्यंत दुसरा धरू नका. एकच मर्यादा ठेवली तर मागाच्या थरथरीने एका पिकाचे तीन होतात.

वीज गेली की चिप सगळी सेटिंग विसरते. कधी व्होल्टेज क्षणभर बसतं, आर्डुइनो तग धरतो आणि सेन्सर मात्र झोपतो. त्यामुळे दर मिनिटाला रजिस्टर ९ वाचा, २९ नसेल तर ११ आणि ९ ही दोन्ही रजिस्टर पुन्हा लिहा. मामांच्या शेडमधल्या कोडमध्ये या चार ओळी मी सगळ्यात शेवटी घातल्या, आणि त्यानंतरच रात्रपाळीचे आकडे जुळायला लागले.