रीफ टँकमध्ये शुद्ध पाणी घालण्यापूर्वी

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्यात घालायचे पाणी पिण्याच्या पाण्याहूनही शुद्ध लागते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत दिलेली आहे. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की त्यांना वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचे जे औषध दिले जाते, त्याची मात्रा साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते. माशांना ती सोसते, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ त्यात तग धरत नाहीत. त्यामुळे ‘आम्ही घरात हेच पाणी पितो’ हे प्रमाणपत्र रीफ टँकच्या बाबतीत चालत नाही.

अशा टँकसाठी आरओ-डीआय यंत्र वापरतात. त्यातील आरओ मेंब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, बहुतेक क्षार अडवते आणि त्यापुढचे डीआय रेझिन, म्हणजे आयन पकडणारे मणी, उरलेले क्षार काढते. घरी आरओ आहेच, मग वेगळे यंत्र कशाला, असे बहुतेकांना वाटते. घरगुती प्युरिफायर पाणी शुद्ध करून तेथेच थांबत नाही. मेंब्रेनमधून आलेले पाणी चवीला सपक लागते म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून मेंब्रेनला वळसा घालून आलेले थोडे पाणी त्यात पुन्हा मिसळले जाते, पुढे मिनरल कार्ट्रिजमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडले जाते आणि काही मॉडेलमध्ये तर ‘आरोग्यदायी’ म्हणून मुद्दाम तांबेही घातले जाते. असे पाणी टँकमध्ये घालू नये. नवे यंत्र घेणे शक्य नसेल तर मेकॅनिककडून मेंब्रेनच्या आउटलेटवरच, म्हणजे कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज यांच्या आधी, वेगळी नळी काढून घ्यावी व तिच्यापुढे डीआय रेझिनचे कार्ट्रिज जोडावे. वीस लिटरच्या जारचे पाणी आणि बाटलीबंद पाणी यांनाही हाच आक्षेप लागू होतो.

स्रोताचे पाणी कसे आहे, हे यंत्र बसवण्याआधीच मोजून ठेवावे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या जलाशयांतून मिळणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने हलके असते. बोअरवेलचे पाणी मात्र जड असते, आणि शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही बरेच असू शकते. खरी पंचाईत उन्हाळ्यात होते. सोसायटीच्या टाकीत एक दिवस नळाचे आणि दुसऱ्या दिवशी टँकरचे पाणी पडते, टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकली याचा अंदाज नसतो, आणि वर्षभर सुरळीत चाललेले रेझिन मे महिन्यात पंधरवड्यात संपते. अशा काळात येणाऱ्या पाण्याचा टीडीएस प्रत्येक वेळी पाहावा.

यंत्रातील पहिला टप्पा गाळ अडवणाऱ्या स्पन फिल्टरचा आणि दुसरा कार्बन ब्लॉकचा असतो. क्लोरीनमुळे आरओ मेंब्रेनचा पातळ थर खराब होतो, त्यामुळे कार्बन थकला की थोड्याच काळात मेंब्रेनही जाते. कार्बन चालू आहे की नाही, हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून परीक्षानळीत थोडे पाणी घ्यावे, कारण हे पाणी कार्बनमधून येऊनही मेंब्रेनपलीकडे गेलेले नसते, आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी वापरतात त्याच क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीच्या द्रावणाचे थेंब त्यात टाकावेत. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावी. पाण्याला किंचितही पिवळी छटा आली तर कार्बन बदलावा. हे द्रावण विषारी आहे, म्हणून ते हाताला लागू देऊ नये आणि नळीतील पाणी मोरीत ओतून नळी टँकच्या भांड्यांपासून दूर ठेवावी. अमेरिकेतील मराठी वाचकांनी येथे अधिक सावध राहावे. तेथील अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) वापरतात. ते कार्बनवर फुटले की अमोनिया सुटतो आणि त्याचा काही भाग मेंब्रेनमधून निसटून थेट रेझिनपर्यंत पोहोचतो. तेथे एकामागे एक दोन कार्बन ब्लॉक लावावेत, आणि फक्त मुक्त क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीवर विसंबू नये.

मेंब्रेनचे काम दाबावर चालते. सामान्य मेंब्रेनची क्षमता साधारण ४ बार दाब गृहीत धरून लिहिलेली असते, तर गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली आलेल्या पाण्याला जेमतेम १ बार दाब मिळतो आणि सर्वांत वरच्या मजल्यावर तर त्याहूनही कमी. म्हणून आपल्याकडच्या इमारतींत बूस्टर पंप जवळजवळ अपरिहार्य आहे. मेंब्रेनची तपासणी दोन आकड्यांवरून होते. आत जाणारे पाणी ३०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि मेंब्रेननंतरचे ९ पीपीएम असेल, तर ९७ टक्के क्षार अडले. चांगले मेंब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. दाब पुरेसा असूनही हा आकडा ९० च्या खाली गेला तर मेंब्रेन बदलावे, नाहीतर उरलेला सगळा भार रेझिनवर पडतो, आणि रेझिन स्वस्त नाही. यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू समान होत जातात, त्यामुळे चालू केल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी बरेच क्षारयुक्त असते. रेझिनच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि तोटी बसवून हे पहिले पाणी सोडून द्यावे. रोज थोडे थोडे पाणी काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच एक मोठा ड्रम भरणे म्हणूनच किफायतशीर ठरते.

डीआय रेझिनमध्ये धनायनांच्या जागी हायड्रोजन आणि ऋणायनांच्या जागी हायड्रॉक्साइड सोडले जाते. ते संपत आले की सिलिकेटसारखे सैल धरलेले घटक सर्वांत आधी निसटतात आणि तेव्हाही मीटरवर शून्यच दिसत असते. जुन्या, स्थिरावलेल्या टँकच्या काचेवर आणि वाळूवर सिलिकेटवर वाढणाऱ्या शेवाळाचा तपकिरी थर अचानक येऊ लागला, तर अन्न कमी करण्याआधी रेझिनकडे पाहावे. दोन कार्ट्रिज एकामागे एक लावून दोहोंच्या मध्ये मोजणी करावी. पहिल्यानंतर १ दिसू लागताच पहिले काढून दुसरे त्याच्या जागी सरकवावे आणि मागे नवे लावावे. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर तो मेंब्रेनमधून आरपार जातो आणि ऋणायन रेझिन लवकर संपवतो. अशा ठिकाणी आरओचे पाणी आधी एका ड्रममध्ये साठवून, त्यात एअर पंप रात्रभर चालवून, मग डीआयमधून काढावे.

आता टीडीएस मीटरविषयी, कारण सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावरच टाकला जातो. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिचा अंदाजे पीपीएममध्ये हिशेब करते. त्यात कोणता क्षार आहे, हे त्याला कळत नाही, आणि विद्युतभार नसलेले पदार्थ, उदाहरणार्थ बरीच कीटकनाशके, त्याला दिसतच नाहीत. शिवाय त्याचे लघुत्तम माप १ पीपीएम आहे, तर कोळंबी मारायला पुरेसे असलेले ०.२ मिलिग्रॅम तांबे त्या एका अंकातही मावत नाही. एसीच्या नळीतून बादलीत पडणारे पाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा टीडीएस इतका कमी येतो की काही जण ते ‘डिस्टिल्ड’ म्हणून टँकमध्ये घालायला निघतात. प्रत्यक्षात ते तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून, धूळ घेत ओघळलेले असते.

तरीही मीटर हवेच, आणि ते नीट वापरायला हवे. ३४२ पीपीएमच्या प्रमाणित द्रावणात ते अधूनमधून पडताळून घ्यावे. मोजताना काचेचा ग्लास त्याच पाण्याने तीन-चार वेळा विसळावा, मीटरचे टोकही विसळावे आणि ते पाण्यात हलवून त्यावर चिकटलेले बुडबुडे झटकावेत. बोटांचा घाम लागलेल्या ग्लासात ३ किंवा ४ दाखवणारे पाणी विसळलेल्या ग्लासात ० दाखवते. टँकसाठी ० हेच लक्ष्य असावे. हा हट्ट वाटेल, पण हिशेब करून पाहावा. टँकमधून पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. २०० लिटरच्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडत असेल आणि भर घालायचे पाणी २० पीपीएमचे असेल, तर वर्षभरात सुमारे २२ ग्रॅम नको असलेले पदार्थ आत जातात, म्हणजे लिटरमागे ११० मिलिग्रॅम. पाणी बदलताना त्यातील काही भाग निघतो, पण त्यासाठी वापरलेले पाणीही त्याच यंत्रातून आलेले असते.

पीएचची चिंता मात्र करू नये. डीआयच्या पाण्यात बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) नसल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच सहाच्या खालीही उतरतो आणि मीटरचा आकडा सतत हलत राहतो. टँकसाठीचे समुद्री मीठ मिसळले की तो आपोआप ८.१ ते ८.३ च्या आसपास येतो. मधल्या मध्ये सोडा घालण्याचे कारण नाही.

यंत्रातून चांगले निघालेले पाणी पुढे साठवणीत बिघडते, असे पुष्कळदा आढळते. क्षारमुक्त पाणी धातू सहज विरघळवते, म्हणून वाटेत पितळी तोटी, तांब्याची नळी किंवा धातूचा व्हॉल्व्ह नसावा. ड्रम अन्नासाठी योग्य असलेल्या एचडीपीई प्लास्टिकचा आणि नवा घ्यावा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या निळ्या ड्रममध्ये आधी कोणते रसायन होते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ड्रमला घट्ट झाकण असावे, कारण डासांसाठीची धूरफवारणी आणि घरातील फवारे यांतील पायरेथ्रॉइड कोळंबी-खेकड्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. धुण्यासाठी साबण किंवा फिनाइल न वापरता सायट्रिक ॲसिडचे द्रावण वापरावे व भरपूर पाण्याने खळबळून घ्यावे. मीठ मिसळताना पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, अन्यथा एकाच जागी क्षार दाट होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. पंप लावून पाणी ढवळत ठेवावे, तापमान २५ अंशांच्या आसपास आणावे व क्षारता ३५ भाग प्रति हजार आहे, हे रिफ्रॅक्टोमीटरने पाहावे. तो ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा.

नवे यंत्र बसवल्यावर आणि नंतर दर काही महिन्यांनी मीठ न घातलेल्या पाण्याची अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटची चाचणी करावी. तांब्यासाठी घरगुती किटचा उपयोग मर्यादित आहे, कारण ज्या मात्रेला शंख आजारी पडू लागतात तेथे अनेक किट रंगच दाखवत नाहीत. त्यासाठी आयसीपी (अत्यल्प धातूही मोजणाऱ्या) पद्धतीने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा.

शंख काचेवरून गळून वाळूत उताणे पडू लागले, कोळंबी मरू लागली आणि मासे मात्र ठणठणीत असले, तर पाण्यातील धातूचा संशय घ्यावा. नवे पाणी घालणे ताबडतोब थांबवावे, टँकमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि धातू शोषणारे रेझिन लावावे आणि दुसऱ्या, खात्रीच्या स्रोताच्या पाण्याने टप्प्याटप्प्याने पाणी बदलावे. प्रयोगशाळेत टँकच्या पाण्यासोबत आणखी दोन नमुने पाठवावेत: एक थेट डीआय कार्ट्रिजच्या तोंडाशी घेतलेला आणि दुसरा साठवणीच्या ड्रममधून काढलेला. पहिला स्वच्छ आणि दुसरा दूषित निघाला, तर यंत्र उघडण्याऐवजी ड्रम, नळी आणि पंप बदलावेत.