हार्टच्या बाळाला 'साधी सर्दी' झाली की घरोघरी होणाऱ्या चुका, या टाळा

आम्ही तासगावकडचे. लेकाच्या हृदयाला जन्मापासून मोठं छिद्र, म्हणजे व्हीएसडी, ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळालेली, आणि तेवढ्यात घरात एक बारसं निघालं. नणंदेच्या पोराचं नाक वाहत होतं, त्यानं याचे दोन मुके घेतले आणि पाचव्या दिवशी हा खोकायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, "अगं सर्दीच हाय, ताप कुठं हाय?" आणि मी पण त्या तापावरच बसले. पहिली चूक ती.

या बाळांत ताप नसला तरी गाडी बिघडते. बघायचा तो श्वास आणि दूध. झबलं वर करा, बाळ शांत असताना मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. 2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त म्हणजे जलद. पण छिद्र मोठं असलं की पोराचा श्वास एरवीच जलद असतो, म्हणून त्याचा चांगल्या दिवसाचा आकडा माहीत पाहिजे. दुधाचा हिशेब लिहितात तसा मी तो कॅलेंडरवर लिहायचे. आमचा 54 असायचा, त्या रात्री 72 भरला, बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि दोन घोट पिऊन तोंड सोडायचा, कपाळ घामानं ओलं.

असं का होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. छिद्रातून जास्तीचं रक्त फुप्फुसात जातं, ती आधीच जड झालेली असतात, त्यात आरएसव्हीसारखा व्हायरस बारीक श्वासनळ्या सुजवतो आणि चिकट कफानं भरतो. मोठ्यांना त्याच व्हायरसनं नुसतं नाक गळतं, म्हणून कुणाला पटत नाही. त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाढतो, म्हणजे "कालच दाखवून आलो" म्हणून निवांत बसायचं नाही.

धुरी. आपल्याकडं बाळ-बाळंतिणीला शेगडी, ओवा, बाळंतशेपा आलाच, आणि यावरून माझं घरात भांडण पण झालंय. धूर तो धूर, त्यानं सुजलेली नळी आणखी आवळते. कापराची पुरचुंडी उशाला नको, वाफ पण नको, भाजतं. नाक चोंदलं तर दूध पाजायच्या आधी सलाईनचे थेंब, बस्स.

मेडिकलमधून परस्पर सिरप आणणं ही आमची दुसरी मोठी चूक. सर्दीच्या बऱ्याच सिरपात फिनाईलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करायचं औषध) असतं, आधीच दमलेल्या हृदयाला ते नको. क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबरचं त्याचं मिश्रण 4 वर्षांच्या आत देऊ नये असं 2023 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलंय. मोठ्यांचे नाकाचे ड्रॉप्स तर अजिबात नको. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक पण व्हायरसवर काहीच करत नाही.

आणि हृदयाची चालू औषधं? मनानं बंद नको, डबल पण नको. डिगॉक्सिन दिल्यावर उलटी झाली तर तोच डोस परत पाजू नका, फोन करा. लघवीचं औषध चालू आहे आणि बाळ पीत नाही, उलट्या-जुलाब आहेत, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, अंगातलं पाणी पटकन कमी होतं. शंटचं (फुप्फुसाकडं रक्त न्यायला बसवलेल्या बारीक नळीचं) ऑपरेशन झालेल्या बाळाला हे जास्तच, रक्त घट्ट होऊन शंट बंद पडायची भीती असते. दूध थोडं थोडं, पण वरचेवर.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घेतलं असेल तर शेजारच्या बाळाशी तुलना नको. हृदयाच्या दोषामुळं रक्तात ऑक्सिजन कमी असलेल्या निळसर बाळांचं नेहमीचंच 75 ते 85 टक्के असू शकतं, तुमच्या बाळाचं किती असावं आणि किती खाली गेलं की निघायचं हे कार्डिऑलॉजिस्टकडून लिहूनच घ्या. पाय गार असले तरी मशीनवरचा आकडा चुकतो, चोळून कोमट करून मग आकडा बघा.

पाली, पुसेगावच्या यात्रा, लग्नं, जावळ, सगळं थंडीतच येतं. पाव्हण्यांना नाही म्हणायला जड जातं, आम्ही दारातच साबण आणि टॉवेल ठेवला, शिंकणाऱ्याला ओटीवरच चहा. काकू रुसल्या, रुसू देत. बाळ 6 महिन्यांचं झालं की फ्लूची लस, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं 2 डोस, आणि घरातल्या मोठ्यांनी पण घ्यावी. आरएसव्हीसाठी तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं, आपल्या बाळाला लागू पडतं का आणि मिळेल का ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमचं ऑपरेशन त्या एका सर्दीनं 6 आठवडे पुढं गेलं. दूध निम्म्यावर आलं, कण्हतंय, ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, तर सकाळची वाट बघायची नाही, 108. इको रिपोर्ट (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "सर्दी झालीय" नको, "हार्टचं बाळ आहे, श्वास 72 आहे" हे सांगा.