दोन ग्रहांवरची प्रेमकथा कशी लिहावी

विज्ञानकथेत प्रेम लिहू पाहणाऱ्याला सर्रास सांगितले जाते की आधी भविष्यातले जग तपशीलवार उभे करावे आणि मग त्यात दोन जीव सोडावेत. हा सल्ला मुळीच मानू नये. त्यामुळे पहिली दहा पाने घुमट आणि यंत्रमानव यांच्या वर्णनात खर्च होतात, आणि उरलेल्या जागेत जे प्रेम येते ते कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर घडू शकले असते. त्याऐवजी दोघांच्या आड येईल असा निसर्गाचा एकच नियम निवडावा आणि जगाचे वर्णन त्या नियमाला लागेल तेवढेच करावे.

या लेखापुरता प्रकाशाच्या वेगाचा नियम घेऊ: कोणताही संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. ती नाशिकला आहे आणि तो मंगळावरच्या तळावर. दोन ग्रहांमधले अंतर सतत बदलत असल्यामुळे रेडिओ संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात.

पुढची पायरी म्हणजे कथेचे पंचांग मांडणे. मंगळावरचा दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा असतो, म्हणून तो रोज जेवणानंतर बोलू लागला तर तिच्या घड्याळात ती वेळ दररोज जवळजवळ ४० मिनिटांनी पुढे सरकते आणि अठरा दिवसांत रात्रीची सकाळ होते. शिवाय साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो आणि सुमारे दोन आठवडे संपर्काचा भरवसा राहत नाही. ही शांतता अचानक आणू नये. तिची तारीख दोघांना आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे आदल्या दिवशी काय बोलायचे राहिले, हाच प्रसंग होतो.

आता संवाद. या टप्प्यावर मी सर्वांत जास्त काळ अडून होतो, आणि माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बहुतेक कथाही इथेच मोडतात. लेखक एका परिच्छेदात विलंब सांगून मोकळा होतो आणि पुढच्याच पानावर दोघे समोरासमोर बसल्यासारखे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात. त्याहून वाईट म्हणजे काही जण तत्काळ संदेश पोहोचवणारे यंत्र शोधून काढतात आणि कथेचा एकमेव अडसर स्वतःच्या हाताने दूर करतात.

यावर मला सापडलेला खात्रीचा उपाय असा, की कागदावर दोन रकाने आखावेत, एक तिचा आणि एक त्याचा, दोन्हींत नाशिकचीच वेळ धरावी आणि प्रत्येक वाक्य दोनदा नोंदवावे: उच्चारले तेव्हा आणि ऐकू आले तेव्हा. समजा, विलंब १५ मिनिटांचा आहे. रात्री ९ वाजता ती चिडून म्हणते, “तू परत येऊच नकोस.” ९.०५ ला तिला राहवत नाही: “मी असं बोलायला नको होतं.” हे दुसरे वाक्य पहिल्याला वाटेत गाठू शकत नाही. त्याला पहिले ९.१५ ला ऐकू येते, दुसरे ९.२० ला, आणि मधेच, ९.१६ ला, त्याने उत्तर दिलेले असते: “बरं. मुदतवाढीच्या अर्जावर सही करतो.” माफी ऐकताच तो सावरून बोलतो, पण ते तिच्यापर्यंत ९.३५ ला पोहोचणार, आणि ९.३१ ला ते “बरं” तिच्या कानांवर येऊन आदळलेले असते. त्याने माफी ऐकली आहे हे तिला हिशेबाने ठाऊक असते. ऐकू मात्र माफीच्या आधीचा माणूस येत असतो. कथा या चार मिनिटांत आहे, आणि रकाने आखल्याशिवाय ती चार मिनिटे सापडत नाहीत.

हा हिशेब पात्रांच्या तोंडी कधीही घालू नये. तिने घड्याळाकडे पाहिले, एवढे पुरते. आणखी एक गोष्ट बजावून सांगतो: वर्षभर असे बोलणाऱ्या माणसांची बोलण्याची रीतच बदलते. “कसा आहेस?” असे विचारून कोणी अर्धा तास थांबणार नाही. ती दिवसाची सगळी हकिगत सांगेल, त्याचे उत्तर मनाशी कल्पून त्यालाही उत्तर देऊन टाकेल (“तू म्हणशील, आईला सांग, पण आईला सांगून झालं”), आणि तिचा अंदाज चुकला की तो दुखावेल, कारण ती आता त्याच्याशी नव्हे, तिने कल्पिलेल्या कोणाशी तरी बोलते आहे हे त्याला कळेल.

शेवट करताना नियम मोडू नये. त्याला परत आणायचे असेल तर यानाच्या काही महिन्यांच्या प्रवासाचा उपयोग करावा, कारण विलंब आपोआप घटत जातो आणि चंद्राइतक्या अंतरावर जेमतेम सव्वा सेकंद उरतो. तिथे ते पुन्हा एकमेकांचे वाक्य तोडू शकतात, आणि इतक्या काळानंतर त्यांना ते जमते का, हे लिहिण्यासारखे आहे.

लेखन झाल्यावर कथा दोघांना वाचायला द्यावी: एक भौतिकशास्त्र जाणणारा आणि दुसरा विज्ञानकथा कधीच न वाचणारा. पहिल्याने दाखवलेल्या चुका त्याच दिवशी दुरुस्त होतात. दुसऱ्याला ९.३१ चा प्रसंग समजला नाही, तर तो पुन्हा लिहावा आणि मगच कथा दिवाळी अंकाकडे पाठवावी.