शंभर पानी पावती पुस्तक

मुद्रण व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी दोन तास बोलाल का, असा कोल्हापुरातल्याच एका संस्थेतून फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. 22 वर्षं मी इथल्या ऑफसेट छपाईत आहे. सुरुवात बाइंडिंग खात्यात फर्मे, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घालायचे कागद, मोजण्यापासून झाली, आता ऑर्डर घेण्यापासून माल गाडीत चढेपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. या वर्षी नोकरीला लागणाऱ्या इतर मुलामुलींनाही उपयोग होईल, म्हणून त्या दिवशीचं बोलणं लिहून काढते आहे.

फळ्यावर एवढंच लिहिलं: '100 पानी पावती पुस्तक, 20 नग.' फोनवर अशी ऑर्डर आली तर गिऱ्हाइकाला काय विचाराल? रंग किती, डिझाइन कोण देणार, कागद कुठला, हे पटापट आलं. मागच्या बाकावरच्या एकाने नंबर कितीपासून मारायचे हे विचारलं, ते मला फार आवडलं. पण 100 पानी म्हणजे 100 पावत्या आणि वर 100 स्थळप्रती (आपल्याकडे राहणारी नक्कल), की 50 आणि 50, हे कुणाच्याच तोंडून आलं नाही.

पहिल्या वर्षी मीही विचारलं नव्हतं. 50 पावत्यांची पुस्तकं शिवून, नंबर मारून तयार झाली, आणि पतसंस्थेचा माणूस ती उघडून बघून तशीच टेबलावर ठेवून गेला. नाव आणि नंबर छापलेली पावती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. सगळी रद्दीत गेली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

'पान' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. कुणी पृष्ठाला पान म्हणतं, कुणी दोन्ही बाजू मिळून एक पान धरतं. म्हणून जॉब कार्डावर, म्हणजे कामाचा तपशील लिहिलेल्या कार्डावर, कायम 'पृष्ठे' लिहा, आणि गिऱ्हाइकाला जुन्या पुस्तकाचा नमुना आणायला सांगा. नमुना हातात असला की निम्मे घोळ तिथंच मिटतात.

मग अहवालाकडे वळले. कोल्हापुरात छपाई शिकायची तर अहवालाचा हंगाम बघायलाच हवा. साखर कारखाने, दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था, सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. लेखापरीक्षण उरकून मजकूर हातात येतो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि प्रत्येकाला अहवाल सभासदांच्या घरी वेळेवर पोचवायचा असतो.

मुलांना हिशेब घातला. ए-फोर आकाराचा, 64 पृष्ठांचा मध्यपिन (मधल्या घडीवर पिना मारलेला) अहवाल, 1500 प्रती, कागद 80 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), ताव म्हणजे छपाईचा मोठा कागद 63.5 × 91.5 सेंमी. एका तावात दोन्ही बाजूंनी मिळून 16 पृष्ठं बसतात, म्हणजे प्रतीला 4 ताव, एकूण 6000 ताव, 500 तावांची एक याप्रमाणे 12 रीम. रीमचं वजन काढायला लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम भागिले 20,000. इथं ते सव्वातेवीस किलोच्या आसपास येतं. वेस्टेज वेगळं धरायचं.

पण खरा पैसा प्लेटमध्ये वाचतो. छापताना प्रत्येक बाजूच्या प्रत्येक रंगाला एक वेगळी प्लेट (मजकूर उतरवलेला धातूचा पत्रा) लागते. ताव मधोमध कापून छापला तर एका बाजूला 4 पृष्ठं येतात. सगळा अहवाल चार रंगांत केला तर 64 प्लेट. संचालकांचे फोटो आणि आलेख 29 ते 36 या मधल्या पृष्ठांवर एकत्र आणले, तर त्या एका फर्म्याला 8 आणि उरलेल्या एकरंगी सात फर्म्यांना 14, मिळून 22. हे गिऱ्हाइकाला मांडणी सुरू होण्याआधी सांगायचं असतं. प्रूफ पास झाल्यावर सांगून काही उपयोग नसतो. व्यवस्थापनाची नोकरी म्हणजे हीच वेळ साधणं, असं मी त्यांना अगदी आग्रहाने सांगितलं.

कागदाच्या पट्ट्या नेल्या होत्या. प्रत्येकाने एक बाजू ओल्या बोटाने पुसली. पट्टी वळते आणि नळी होते. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच कागदाची ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर हवी. आडव्या ग्रेनच्या 250 जीएसएम आर्ट कार्डावर गडद रंगाचं मुखपृष्ठ छापा आणि घडी घाला, घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. एका मुलीने दोन पट्ट्या घरी न्यायला मागून घेतल्या.

आपल्या पावसाचंही सांगितलं. हंगाम नेमका पावसात येतो. दोनरंगी मशीनवर चार रंग काढायचे तर कागद दोनदा आत जातो, आणि मधल्या वेळात हवेतली ओल पिऊन फुगतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हलतं, चेहऱ्याला लाल कड दिसते. रीमचं वेष्टन आदल्या दिवशी फोडून ठेवू नका, अर्धा छापलेला गठ्ठा प्लास्टिकने झाका. गोदाम निवडताना 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. ओला झालेला कागद वाळवून मशीनवर चालत नाही.

प्रश्नांत अपेक्षित तो आलाच: सगळं मोबाइलवर गेलं, आता आम्हाला काम राहील का? लग्नपत्रिका कमी झाल्या, हे खरं आहे. पण गुळाला, मसाल्याला, चपलेला खोकं लागतं, शिरोलीच्या कारखान्यांना लेबलं लागतात. मी आज विशीत असते तर डायपंचिंग (खोक्याचा आकार साच्याने कापणं) आणि पॅकेजिंगच शिकले असते.

पट्ट्या मागणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, मुलींना मशीनखात्यात घेतात का?" मला मशीनशेजारी उभं राहायला पूर्ण वर्ष लागलं होतं, कारण मी मागितलंच नव्हतं. तिला म्हटलं, मुलाखतीतच सांग, पहिले सहा महिने मशीन आणि कटिंगवर हवेत, टेबल नंतर. नाही म्हणणारे भेटतील. तरी पुढच्या दारात हेच माग.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या प्रेसमध्ये येणार आहे. तेव्हा कटिंग मशीन रात्री अकरापर्यंत चालू असतं.