लग्नाच्या कॅसेटी आणि जुन्या व्हिडिओ गेमसाठी डब्बा टीव्ही कसा निवडावा

घरात व्हीएचएस कॅसेटवर लग्न-मुंजीचे चित्रण असेल किंवा कॅसेट घालून खेळायचा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम अजून चालत असेल, तर पिक्चर ट्यूबचा एक टीव्ही राखून ठेवावा. बाकी सर्व कामांना आधुनिक टीव्हीच सरस आहे, हे आधीच मान्य करतो.

भारतातील जुन्या टीव्ही प्रक्षेपणाच्या पाल (PAL) पद्धतीत चित्राच्या 625 रेषा असतात आणि त्या सेकंदाला 50 अर्धचित्रांच्या रूपाने, एकदा विषम तर एकदा सम अशा, येतात. पिक्चर ट्यूब त्या आल्या तशा काचेवर उमटवते. सपाट पडद्याला मात्र आधी ही अर्धचित्रे सांधावी लागतात आणि मग ते चित्र स्वतःच्या ठरलेल्या बिंदूसंख्येवर ताणावे लागते; त्यात हलत्या वस्तूंच्या कडा दातेरी होतात, कॅसेटवरचे दोष ठळक दिसतात आणि चित्र किंचित उशिरा येते. लग्न पाहताना हा उशीर कळत नाही, पण खेळताना उडी हमखास चुकते. बंदुकीने पक्षी टिपण्याचा खेळ तर सपाट पडद्यावर चालतच नाही, कारण चाप ओढताच पडदा काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन क्षणभर चमकतो आणि बंदुकीतील संवेदक तो उजेड नेमक्या त्याच क्षणी शोधतो.

टीव्ही घेताना आपला गेम सोबत न्यावा. मागे पिवळ्या पिनेसाठी एव्ही इनची जागा आहे का, हे पाहावे. नसल्यास अँटेनाच्या जागेतून जोडून चॅनल लावता येतो. परदेशातून आणलेल्या गेमचे चित्र कृष्णधवल दिसत असेल, तर तो टीव्ही एनटीएससी (अमेरिका-जपानमधील टीव्ही पद्धत) रंग ओळखत नसण्याची शक्यता असते. संच अर्धा तास चालू ठेवावा. चित्र उजळायला फार वेळ लागत असेल किंवा ते कायम मंदच राहत असेल, तर ट्यूब थकलेली आहे असे समजून तो नाकारावा. कोपऱ्यातील रंगांचे डाग मात्र जवळचा स्पीकर हलवून, संच मुख्य बटणाने बंद करून आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करून बहुधा जातात. '100 हर्ट्झ' अशी जाहिरात असलेले उशिराचे मोठे संच टाळावेत, कारण तेही चित्र साठवून मगच दाखवतात आणि मूळ फायदाच बुडतो. 21 इंची संच पुरेसा असतो. 29 इंची उचलायला दोन माणसे लागतात.

मागचे झाकण स्वतः कधीही उघडू नये. ट्यूबला वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब मिळतो आणि प्लग काढल्यावरही तो भार आत उरू शकतो. संच कायमचा बंद पडल्यास काच फोडू नये, कारण तिच्यात शिसे असते. तो भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.